मालिनीबाईंची तीन वर्षं

मेडिकेअरची, म्हणजे पासष्टीनंतरच्या सरकारी आरोग्यविम्याची पुस्तिका नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात टपालाने आली, आणि पुरुषोत्तमराव वझ्यांनी एखादं ड्रॉइंग तपासायला घ्यावं तशी ती तपासायला घेतली. जेवणाच्या टेबलावर भिंग, टोक काढलेली लाल पेन्सिल आणि शेजारी टिपणाला कोरा कागद. अमेरिकेतल्या नोव्हाय गावात, पोलादी साचे कापणाऱ्या एका लहानशा टूल-अँड-डाय शॉपमध्ये ते अठरा वर्षांपासून चेकर होते. दुसऱ्याने काढलेल्या ड्रॉइंगवरचा प्रत्येक आकडा पुन्हा मोजायचा, बरोबर असला की त्याच्यावर बारीक टिंब द्यायचं आणि शेवटी कोपऱ्यातल्या चौकटीत सही करायची. ती सही झाल्याशिवाय मशीनवर पोलाद चढत नसे. शॉपमधली माणसं त्यांना 'मिस्टर वेझ' म्हणत आणि त्यांच्या टेबलाशी येताना हातातला डोनट मागे लपवत.

मालिनीबाई ओट्याशी भाजी निवडत होत्या. पान उलटल्याचा आवाज बराच वेळ आला नाही म्हणून त्यांनी वळून पाहिलं. पुरुषोत्तमराव एकाच ओळीवर पेन्सिल टेकवून बसले होते.

"अगं, हे एकाचंच आहे," ते म्हणाले.

"काय एकाचं?"

"कार्ड. मला वाटलं होतं, कंपनीचं जसं दोघांचं मिळून असतं तसंच हे. जानेवारीत मला पासष्ट पूर्ण झाली की सरकार दोघांची जबाबदारी घेईल. तसं नाहीये. मी पासष्टचा झालो की मला. तू पासष्टची झालीस की तुला."

मालिनीबाईंच्या हातातली मेथीची काडी तशीच राहिली.

"म्हणजे एकोणनव्वदचा ऑक्टोबर," पुरुषोत्तमरावांनी कागदावर मांडलं. "तीन वर्षं. मी काम सोडलं की कंपनीचा विमा त्याच महिन्याअखेर बंद. मग तीन वर्षं तुला काहीच नाही."

गेल्या दीड वर्षापासून मालिनीबाईंच्या डोळ्यांवर उपचार चालू होते. साखरेमुळे डोळ्याच्या पडद्यात रक्त उतरत होतं. दर काही आठवड्यांनी डॉक्टर अंधाऱ्या खोलीत बसवून लेसर मारत, हिरव्या उजेडाचे बारीक बारीक ठिपके, आणि म्हणत, यात खंड पडता कामा नये. दोन खासगी विमा कंपन्यांकडे पुरुषोत्तमरावांनी लगेच चौकशी केली. अर्जात साखर आणि डोळे एवढं लिहिलं की पुढचं पत्र नकाराचंच येई.

"ठीक आहे," थँक्सगिव्हिंगच्या सुट्टीत अॅन आर्बरहून लेक आली तेव्हा त्यांनी जाहीर करून टाकलं. "रिटायरमेंट पुढे ढकलली. मालकाशी, एडीशी बोललो. तो म्हणाला, मिस्टर वेझ, टेबल तुमचंच आहे."

"बाबा, आर यू क्रेझी?" विनीता म्हणाली. ती तिथल्या एका शाळेत लायब्ररियन होती. मराठी समजे सगळं, बोलताना मात्र निम्मं इंग्रजीत जाई. "तुमची बॅक बघा. पहाटे साडेपाचला बर्फात ड्राइव्ह करता. थ्री मोअर यर्स?"

"मग काय करू? तुझ्या आईला जरा लवकर जन्माला यायला सांगू?"

विनीता हसली. पुरुषोत्तमरावही हसले. मालिनीबाई ताटं वाढायला उठल्या.

आजवर या घरात वयाचा हा विनोद नाना तऱ्हांनी होऊन गेला होता. पुरुषोत्तमरावांचं म्हणणं नाही पटलं की ते म्हणत, "तीन वर्षांनी मोठा आहे मी तुझ्याहून, थोडं ऐकत जा." मालिनीबाई दरवेळी खाली बघून हसत. दोन वर्षांपूर्वी इथल्या मंडळींनी हौसेने त्यांची एकसष्टी केली. साठ दिव्यांचं तबक ओवाळताना बायका म्हणाल्या, काकू अजून पन्नाशीच्या दिसतात हो. तबकात तीन दिवे कमी आहेत, हे त्या खोलीत एकाच बाईला ठाऊक होतं.

देवरुखला मालिनीबाईंची आई गेली तेव्हा त्या पंधरा वर्षांच्या होत्या. मागे तीन भाऊ, सगळ्यात धाकटा पाळण्यात. त्यांना मोठं करता करता यांचं लग्नाचं वय कधी टळलं ते घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही. आलं तेव्हा त्या तेवीस वर्षांच्या होत्या, आणि स्थळं तेवीस ऐकली की चहा संपवून उठत. मग बाळकाकांनी मार्ग काढला. ओळखीच्या जोशीबुवांकडून त्यांनी नवी पत्रिका करून आणली. शके अठराशे त्रेचाळीसच्या जागी अठराशे सेहेचाळीस. वडील माजघरात बसून होते. ते हो म्हणाले नाहीत आणि नाहीही म्हणाले नाहीत. पुढच्याच महिन्यात सांगलीकडच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन असलेल्या मुलाचं स्थळ जुळलं. मुलाच्या आईला वीस वर्षांची मुलगी हवी होती. कागदावर मुलगी वीस वर्षांची होती.

"जुनी पत्रिका विहिरीत टाक," बाळकाका म्हणाले होते.

मालिनीबाईंनी ती टाकली नाही. तिच्या पाठीवर आईचं अक्षर होतं. मुलगी झाली, पहाटे, अंगाने बारीक आहे पण रडते खणखणीत. एवढंच. आईने लिहिलेलं त्या घरात दुसरं काही नव्हतं. माहेरहून दिलेल्या अन्नपूर्णेच्या खाली, रेशमी खणाच्या दुहेरी घडीत ती पत्रिका सासरी गेली, आणि एकोणीसशे सदुसष्टमध्ये त्याच खणातून अमेरिकेला आली. पासपोर्टचा अर्ज पुरुषोत्तमरावांनी भरला होता. त्यांच्या फायलीत दुसरी पत्रिका होती, तिच्यावरून त्यांनी जन्मतारीख उतरवून घेतली. १९ ऑक्टोबर १९२४. तेव्हापासून सगळ्या कागदांवर तीच.

डिसेंबर उजाडला. पुरुषोत्तमराव पहाटे उठत, कमरेला पट्टा बांधत, गाडीच्या काचेवरचा बर्फ खरवडत. मालिनीबाई खिडकीतून बघत. एका डोळ्यापुढे त्यांना धुरकट दिसे. त्या धुरातून नवरा वाकलेला दिसायचा आणि सरळ व्हायला त्याला लागणारा वेळ दिसायचा. आता सांगू, मग सांगू, असं त्या रोज ठरवत. संध्याकाळी ते दमून येत. अशा वेळी कसं सांगायचं, म्हणून ते राहून जाई.

नाताळाच्या आधीच्या आठवड्यात एके दिवशी ते दुपारीच घरी आले. कोट न काढता खुर्चीत बसले.

"एक आकडा सुटला माझ्या हातून," ते म्हणाले. "सातचा एक दिसला मला. टिंब दिलं, सही केली. डाय कापून झाली तेव्हा कळलं."

"एडी रागावला?"

"नाही ना. खांद्यावर हात ठेवला त्याने. म्हणाला, गो होम, गेट सम रेस्ट." त्यांनी उजवा हात टेबलावर पालथा ठेवला. हात थरथरत होता. तो थरथरतो, हे त्या दिवशी पहिल्यांदाच त्यांनी लपवलं नाही. "रागावला असता तर बरं झालं असतं."

मालिनीबाईंनी चहा केला. पुरुषोत्तमरावांनी तो दोन्ही हातांत कप धरून प्यायला.

दुसऱ्या दिवशी ते कामावर गेल्यावर मालिनीबाईंनी विनीताला फोन लावला आणि एका दमात सगळं सांगून टाकलं.

"आई," विनीता म्हणाली, "यू आर ओल्डर दॅन बाबा?"

"तीन महिन्यांनी."

"ओ माय गॉड." मग ती हसायला लागली, आणि हसता हसता थांबली. "तू एकटीने कॅरी केलंस हे? फॉर्टी यर्स?"

"हसू नकोस. आता काय करायचं ते सांग."

विनीताने मेडिकेअरचे कागद बघणाऱ्या सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात फोन करून चौकशी केली आणि संध्याकाळच्या आत परत फोन केला. तारीख दुरुस्त करता येत होती; ती झाली की मालिनीबाईंना पासष्ट पूर्ण झालेलीच होती. जन्माच्या वेळचा जुना कागद असेल तर त्याला वजन होतं; भाषा कोणतीही असो, ते भाषांतर करून घेत. शाळेचा दाखला मिळाला तर उत्तम. देवरुखच्या शाळेत खरीच तारीख लागलेली होती. मालिनीबाईंच्या धाकट्या भावाला, श्रीरामला, तार केली तर तो उतारा पाठवू शकत होता.

"पण आई, अजून एक गोष्ट. इमिग्रेशनचे पेपर्स बाबांनी भरले, त्यांची सही आहे. सो दे वॉन्ट हिज स्टेटमेंट. चुकीची तारीख का लिहिली, ते त्यांनी लिहून द्यायला पाहिजे."

म्हणजे त्यांच्या पाठीमागे हे होणार नव्हतं. ज्या माणसाची सगळी ऐट चूक पकडण्यात, त्यानेच आपल्या हाताने लिहून द्यायचं होतं की मला लग्नात फसवलं गेलं.

रविवारी पूजा आटोपल्यावर मालिनीबाईंनी अन्नपूर्णा उचलून बाजूला ठेवली आणि खालचा खण टेबलावर आणून उलगडला. पत्रिका हळदीच्या रंगाची झाली होती, कोपऱ्यांवर कुंकवाचे डाग, घड्यांवर कागद फाटायला आलेला. पुरुषोत्तमराव पेपर वाचत होते.

"अहो, हे बघा जरा."

त्यांनी चष्मा लावला. वाचलं. पुन्हा वाचलं. पत्रिका उलटी केली आणि पाठीवरचं अक्षरही वाचलं. मालिनीबाई उभ्याच होत्या. बाळकाका, जोशीबुवा, आई गेल्यानंतरची वर्षं, त्यांनी जे घडलं ते सांगितलं; स्वतःसाठी काही मागितलं नाही.

"माझ्या आईला माहीत होतं?" एवढंच त्यांनी विचारलं.

"नाही."

"कधी सांगावंसं वाटलं नाही?"

"पहिली दहा वर्षं भीती वाटायची, परत पाठवाल म्हणून. मग विनू झाली. मग..." त्यांनी खणाची घडी सारखी केली. "मग तुम्ही ते तीन वर्षांचं म्हणायचात ना, हसत. ते मोडवेना."

पुरुषोत्तमरावांनी पेपरची घडी घातली. "नोव्हेंबरात सांगायचं होतंस. मी बर्फात जात होतो तेव्हा तू खिडकीत उभी होतीस. मी बघायचो."

ते उठून तळघरात गेले. तिथे त्यांचा जुना ड्रॉइंग बोर्ड होता.

नंतरचे चार दिवस घरात कामापुरतं बोलणं झालं. मीठ दे. गाडीत पेट्रोल घालायचंय. नाताळचा दिवस आला आणि गेला. विनीता आली, दोघांकडे आळीपाळीने बघून तिने टीव्ही लावला. पत्रिका टेबलावरच होती. कुणी ती उचलली नाही आणि कुणी तिच्यावर कप ठेवला नाही. मालिनीबाईंनी मनाची तयारी केली. ते सही करणार नाहीत. तीन वर्षं आणखी कामावर जातील, आणि बोलणार नाहीत.

पाचव्या दिवशी सकाळी तळघरातून हाक आली. "अगं, खाली ये. जिना बघून उतर."

बोर्डावर दोन्ही पत्रिका शेजारी शेजारी टाचून लावलेल्या होत्या. फायलीतली दुसरी त्यांनी शोधून काढली होती. वर दिव्याची मान वाकवलेली, हातात भिंग, बाजूला मशीनशॉपचं जाडजूड हँडबुक उघडं.

"हे बघ. तुझ्या खऱ्या पत्रिकेत काय आहे? आश्विन वद्य तृतीया, बुधवार, तारीख एकोणीस ऑक्टोबर एकवीस. आता ही बाळकाकांची. आश्विन वद्य तृतीया, बुधवार, एकोणीस ऑक्टोबर चोवीस. त्या जोशाने फक्त शक आणि सन बदलला. तिथी, वार, तारीख, सगळं तसंच ठेवलं." त्यांनी हँडबुकच्या मागच्या कॅलेंडरच्या कोष्टकावर बोट ठेवलं. "एकोणीसशे चोवीसच्या एकोणीस ऑक्टोबरला रविवार होता. एकवीसला बुधवार. मी तीनदा पाहिलं."

मालिनीबाईंना त्या बारीक कोष्टकातलं काही दिसत नव्हतं. त्यांना नवऱ्याचा चेहरा दिसत होता. एखाद्या ड्रॉइंगात चूक सापडल्यावर दिसायचा तोच, गंभीर आणि आतून खूश.

"चाळीस वर्षं हा कागद माझ्या फायलीत होता," ते म्हणाले. "पासपोर्टच्या वेळी मी त्यावरून तारीख उतरवली. मुंबईत बसून, चांगल्या अक्षरात. वार पडताळून पाहिला नाही. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर मी त्याला टेबलासमोर उभा केला असता."

"तुम्हाला कसं सुचणार? लग्नाची पत्रिका कोण तपासतं?"

"चेकर तपासतो." त्यांनी भिंग खाली ठेवलं. "तुझा राग आलाय मला. तो जाईल सावकाश. पण ही चूक माझ्याही टेबलावरून गेली आहे, ते मला लिहायला पाहिजे."

आणि त्यांनी लिहिलं. ड्रॉइंगवर लिहितात तशा सुट्या, उभ्या इंग्रजी अक्षरांत, एक पान. मला माझ्या लग्नाच्या वेळी जो कागद देण्यात आला त्यावरून मी ही तारीख लिहिली. त्या कागदातच विसंगती होती, सोबत खुलासा जोडला आहे. ती तपासणं माझं काम होतं आणि मी ते केलं नाही. माझ्या पत्नीने अर्ज भरलेला नाही. अक्षरं एकेका ठिकाणी थरथरली होती. त्यांनी पान पुन्हा लिहून काढलं नाही.

जानेवारीच्या मध्यावर देवरुखच्या शाळेचा उतारा आला, हेडमास्तरांच्या जांभळ्या शिक्क्यासह. सोबत श्रीरामचं चार ओळींचं पत्र होतं. ताई, तुला शाळेत कुणी विसरलेलं नाही असं खोटं लिहीत नाही, पण रजिस्टर जागेवर होतं.

सोशल सिक्युरिटीच्या ऑफिसात खिडकीपलीकडे एक ठेंगणी, पांढऱ्या केसांची बाई होती. तिने सगळे कागद ओळीने लावले, पत्रिका मात्र दोन बोटांनी धरून अलगद उचलली. हे तुमच्याकडे सगळ्यांचं करतात का, तिने विचारलं. विनीताने होय म्हणून सांगितलं. मग तिने पुरुषोत्तमरावांचं पान वाचायला घेतलं. वाचता वाचता तिची भुवई वर गेली.

"सो युअर वाइफ इज ओल्डर दॅन यू, सर?"

मालिनीबाईंनी पर्सचा बंद घट्ट धरला.

"बाय थ्री मंथ्स अँड नाइन डेज," पुरुषोत्तमराव म्हणाले. "आय हॅव चेक्ड."

ती बाई हसली नाही. तिने मान डोलावली आणि पानाच्या कोपऱ्यात शिक्का मारला. निर्णय कळवायला काही आठवडे लागतील, ती म्हणाली.

ते आठवडे लांबले. एकदा भाषांतरावरून एक प्रश्न आला, त्याला विनीताने उत्तर पाठवलं. पुरुषोत्तमराव रोज कामावर जात होते. पण आता परत आल्यावर ते मालिनीबाईंशी शॉपमधलं बोलत, आणि एक दिवस त्यांनी तीन वर्षांचा विनोद सवयीने अर्धा करून मध्येच सोडून दिला. "मी तुझ्याहून..." म्हणाले, आणि गप्प झाले. मालिनीबाईंना हसू आलं. त्यांनी तोंडाला पदर लावला.

"हस. हस," ते म्हणाले. "आता मीच तुझं ऐकून घ्यायचे दिवस."

मार्चमधल्या एका शनिवारी पाकीट आलं. आत पत्र होतं आणि वर लाल, खाली निळा पट्टा असलेलं पातळसं कार्ड. मालिनी पी. वझे. पुरुषोत्तमरावांनी नावातलं एकेक अक्षर भिंगाखाली पाहिलं आणि कार्ड मालिनीबाईंच्या हातात दिलं. मग फोनकडे जाऊन त्यांनी एडीचा नंबर फिरवला. बोलणं लांबलं नाही. महिनाअखेरपर्यंत येतो, ते म्हणाले, आणि नंतर बराच वेळ नुसतं ऐकत राहिले. फोन ठेवून त्यांनी नाक पुसलं.

"काय म्हणाला?"

"डाय परत कापली त्यांनी. चांगली झाली म्हणाला."

तळघरातल्या भिंतीवर त्यांनी काढलेला घराण्याचा तक्ता होता. विनीताला शाळेत असताना करून दिलेला, वझ्यांच्या चार पिढ्या, चौकटी, रेघा, प्रत्येक नावाखाली जन्मसाल. पुरुषोत्तमरावांनी तो उतरवून बोर्डावर लावला. मालिनीबाई जिना बघून, कठडा धरून मागोमाग उतरल्या. एक डोळा आता बराच निवळला होता. पुढच्या लेसरची तारीख मंगळवारची होती.

"पुसून टाकता का?" त्यांनी विचारलं.

"पुसत नाहीत. जुना आकडा वाचता आला पाहिजे. त्याच्यावर एक रेघ मारायची, शेजारी नवा लिहायचा, आणि इथे त्रिकोणात खूण. म्हणजे पुढच्याला कळतं, बदल कधी झाला, कुणी केला."

त्यांनी पेन उचललं. निब कागदापाशी नेली, आणि हात थरथरला. त्यांनी तो मागे घेतला. पुन्हा नेला.

मालिनीबाई पुढे झाल्या. त्यांनी पोलादी पट्टी १९२४च्या मध्यावर ठेवली आणि दोन्ही हातांनी दाबून धरली.

"सरळ आहे का?" पुरुषोत्तमरावांनी विचारलं.

"मला कुठलं दिसतंय? तुम्हीच बघा."

त्यांनी खाली वाकून पाहिलं. वाकताना कमरेतून कळ आली, ती त्यांनी गिळली नाही, मोठ्याने आई गं म्हणाले. मग पट्टी केसभर वर सरकवली, आणि तिच्या कडेने रेघ ओढली.